बहमनची चौथी निवृत्ती

बहमनने आतापर्यंत तीन वेळा निवृत्ती घेतली होती आणि तिन्ही वेळा अरुणाने श्रीखंड केलं होतं.

पहिली निवृत्ती लग्नाच्या आधी महिनाभर, टोरांटोच्या क्लबाने त्याचं नाव यादीतून काढलं तेव्हाची. दुसरी पुढच्या वर्षीची, गुडघ्यातली फाटकी गादी सर्जनने काढून टाकल्यावरची. तिसरी गेल्या ऑक्टोबरातली. किचनरच्या रविवारच्या लीगमधल्या मुलांनी त्याचं नाव कोरलेली लाकडी पाटी दिली, टाळ्या वाजवल्या, फोटो काढले; आणि पुढच्याच रविवारी ‘एक माणूस कमी पडतोय’ असा फोन आल्यावर जावईबापू नव्वद मिनिटं खेळून आले. सोमवारी बेसमेंटच्या पायऱ्या कठड्याला धरून उलटे उतरत होते.

म्हणून मे महिन्यातल्या त्या शनिवारी, लेकीच्या, चैत्रालीच्या, डोहाळजेवणाच्या सकाळी, अरुणाचा धाकटा भाऊ राजन फुलांचा खोका घेऊन स्वयंपाकघरात शिरला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “ताई, बहमनने प्लांटमध्ये दहा महिन्यांची रजा मागितलीय, हे तुला माहीत असेलच,” तेव्हा अरुणाच्या मनात आधी आलं ते एवढंच, की चौथ्यांदा मी चक्का टांगणार नाही.

“कसली रजा?” तिने विचारलं. हातात पुरणाचा गोळा तसाच.

“बिनपगारी. ऑगस्ट ते मे. कारण लिहिलंय, फॅमिली रीझन्स. सुपरवायझरने मला बोलावून विचारलं, तुमचा माणूस परत येणार आहे का, की आम्ही जागा भरू? मी काय सांगणार, माझं डोंबल?” राजन शेजारच्या केंब्रिज गावातल्या मोटारींच्या कारखान्यात अकरा वर्षं होता आणि बहमनला तिथे त्यानेच चिकटवलं होतं. “अर्जावर रेफरन्स म्हणून माझं नाव आहे, ताई. पर्मनंट होऊन त्याला आठ महिने नाही झाले.”

“फॅमिली रीझन्स म्हणजे काय? त्याची फॅमिली तर सगळी इथे बसलीय.”

“फॅमिली कसली, फुटबॉल. लाइनवरच्या पोरांना सगळं ठाऊक आहे. इराणातल्या जुन्या क्लबने बोलावलंय म्हणे. अहवाजला. खेळायला.”

अरुणाने पुरणाचा गोळा परातीत ठेवला. चौतिसाव्या वर्षी, जुलैत बायको बाळंत होणार असताना, एका गुडघ्यावर.

“हे बघ,” ती म्हणाली, “चार वाजता मंडळाच्या बायका येणार. त्या जाईपर्यंत मी एक अक्षर बोलणार नाही. तूही नाही.”

राजनने मान डोलावली. हा निश्चय दुपारच्या जेवणापर्यंत टिकला.

बहमनच्या कारकिर्दीचा अरुणाला एकूणच वीट आला होता, आणि वीट आला म्हणावा तर ती तिला तोंडपाठ होती. खोर्रमशहरचं घर लढाईत गेलं तेव्हा तो तीन वर्षांचा. मग शिराज. चौदाव्या वर्षी अहवाजच्या क्लबाने त्याला उचलून आपल्या वसतिगृहात नेलं, एकोणिसाव्या वर्षी पहिल्या संघात घेतलं. डिफेंडर, मधला, सगळ्यांत मागे उभा राहणारा. तेविसाव्या वर्षी राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिराला बोलावणं आलं. तेहरानमध्ये सव्वीस दिवस. सत्ताविसाव्या सकाळी यादी लागली, त्यात नाव नाही. मग गुडघा. मग २००५ साली टोरांटोच्या क्लबात चाचणीसाठी आला तो इथलाच झाला. उन्हाळ्यात मॅच आणि उरलेलं वर्ष ब्रॅम्पटनच्या गोदामात खोकी लावायची. गुडघ्याच्या उपचारांना तो ज्या क्लिनिकमध्ये जाई तिथे चैत्राली फिजिओथेरपिस्ट होती. त्यापुढचं सगळ्या मंडळाला माहीत होतं. अरुणाच्या नवऱ्याने, शरदचंद्रांनी, होणाऱ्या जावयाचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा, “बहमनी राज्यातला की काय?” एवढाच विनोद करून पेपर पुढे ओढला होता. रडायचं काम अरुणाने एकटीने केलं होतं.

त्याची मॅच बघायला ती एकदाच गेली होती. दीड तास जावई एका जागी उभा राहून हात करून ओरडत होता. चेंडू त्याच्याकडे आला तेव्हा त्याने तो दुसऱ्याला देऊन टाकला. “अगं, हा काहीच करत नाहीये,” ती म्हणाली होती. चैत्राली म्हणाली, “आई, त्याच्या संघावर एकही गोल झाला नाही, बघितलंस का?” अरुणाला न झालेली गोष्ट कशी बघायची ते कळेना.

आता त्या मागे उभ्या राहणाऱ्या माणसाला पुन्हा पुढे जायची हुक्की आली होती.

बाहेर जेवणाच्या टेबलापाशी त्याची आई, माहीनखानुम, कार्नेशनची फुलं दोऱ्यात ओवत बसल्या होत्या. सुनेच्या बाळंतपणासाठी तीन आठवड्यांपूर्वी शिराजहून आलेल्या. शिवणकाम करून चार मुलं वाढवलेली बाई. फुलांच्या दागिन्यांचा एक नमुना अरुणाने सकाळी करून दाखवला, तर दुपारपर्यंत त्यांनी बाजूबंदसुद्धा पुरे केले. त्यांना फारसीखेरीज काही येत नव्हतं. पण दोघींचं अडत नव्हतं. चाकू, पडदा, खराब असे शब्द दोन्हींकडे निघाले. पहिल्याच आठवड्यात बहमन लंगडत वर आला तेव्हा माहीनखानुम त्याच्या पायाकडे बोट दाखवून म्हणाल्या होत्या, “जानू खराब.” अरुणा थबकली. आजानुबाहूतला जानु, म्हणजे गुडघा, तिने शाळेत संस्कृतच्या तासाला पाठ केला होता. तो असा शिराजच्या बाईच्या तोंडून भेटेल असं कुणी सांगितलं नव्हतं. “जानू फार खराब,” तिने जोर देऊन म्हटलं होतं, आणि दोघी विहिणींनी मिळून जावयाकडे बघितलं होतं.

पण आज तिला त्यांचाही भरवसा वाटेना. आई ती आईच. मुलाला परत आपल्या देशात न्यायला कुणाला नको असेल?

साडेबाराला सगळे जेवायला बसले. मसालेभात, अळूची भाजी, पुरणपोळ्या. चैत्राली पाठीशी उशी घेऊन बसली होती. बहमन आईच्या आणि बायकोच्या मधे. अरुणा वाढत वाढत त्याच्यापाशी आली, भाताचा डाव ताटावर धरला आणि म्हणाली, “बहमन, ऑगस्टमध्ये तू कुठे असणार आहेस?”

घरात तो इंग्रजीच बोले, ‘आई’, ‘बस’ आणि ‘थोडं’ एवढं मराठी त्यात घालून. त्याने आधी डावाकडे पाहिलं, मग राजनकडे.

“मी हे उद्या सांगणार होतो,” तो म्हणाला. “आजचा दिवस चैत्रालीचा आहे म्हणून.”

“आणि मला कधी सांगणार होतास?” राजन म्हणाला. “सुपरवायझरच्या केबिनमध्ये मी गाढवासारखा उभा होतो.”

“सॉरी, मामा. ते चुकलं माझं.”

“चुकलं काय? दोन वर्षांनी माझ्यावर दुसऱ्या कुणाला चिकटवायची वेळ आली तर माझ्या शब्दाला काय किंमत राहील?”

“राजन, भात घे,” शरदचंद्र म्हणाले.

“भावोजी, भात राहू दे.”

बहमनने चमचा खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. तो मोठ्याने बोलत नसे. मैदानावरचं सगळं ओरडणं तिथेच संपवून आल्यासारखा. क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरला होता. त्याच्याबरोबर वसतिगृहात वाढलेला फरहाद आता तिथला मॅनेजर होता. पोरं सगळी वीस-एकवीसची, पळतात छान, पण मागे उभं राहून त्यांना बोलणारं कुणी नाही. एक सीझन. पुढच्या मेमध्ये परत. रजा मिळाली तर नोकरीही राहील.

“आणि बाळ?” अरुणाने विचारलं.

“मी जुलै पूर्ण इथे आहे.”

“अरे वा. म्हणजे आंघोळ घालून, पुसून, पावडर लावून मग विमानात बसणार.”

“कुठल्या पोझिशनला खेळवणार?” शरदचंद्रांनी विचारलं.

अरुणाने नवऱ्याकडे पाहिलं. एप्रिलमध्ये भारताने वर्ल्डकप जिंकल्यापासून त्यांना सगळ्याच खेळांतलं कळायला लागलं होतं. “अहो, पोझिशन काय विचारता?”

“नाही, मधला स्टॉपर असेल तर पळणं कमी. डोकं जास्त. चौतीस म्हणजे काही…” तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी वाक्य वळवलं. “माणसाला एखादी गोष्ट पुरी करून सोडायची असते, अरुणा. एवढंच म्हणतोय.”

“तुम्ही म्हणालच. पंचेचाळिसाव्या वर्षी चांगली नोकरी सोडून तुम्ही या देशात आलात. दोन वर्षं चैत्रालीला घेऊन मी पुण्यात बसले होते. तिला गोवर आला तेव्हाही तुम्ही इथे काहीतरी पुरंच करत होतात.”

शरदचंद्रांनी मान खाली घालून भात कालवायला घेतला. हे हत्यार अरुणा वर्षातून एकदाच काढत असे आणि ते वाया जात नसे. पण राजनला मात्र त्यातून उलटंच सुचलं. “खरं म्हणजे भावोजी आले म्हणून आपण सगळे आलो,” तो म्हणाला. मग आपण कुणाच्या बाजूने बोललो हे ध्यानात येऊन त्याने पुरणपोळीचा मोठा तुकडा तोंडात घातला.

“चैत्राली, तू बोल काहीतरी,” अरुणा म्हणाली. “तुला न विचारता हा माणूस रजेचा अर्ज करून बसलाय.”

चैत्राली ताटातल्या भाताचे ढीग करत होती. “आई, मला माहीत होतं. दोन आठवडे झाले. मीच म्हटलं, जा.”

अरुणाला क्षणभर वाटलं की आपण हातातला डाव कुठेतरी ठेवायला हवा, पण जागा दिसेना.

“तू फिजिओ आहेस ना गं?” ती शेवटी म्हणाली. “लोकांचे गुडघे बघायची डिग्री आहे तुझ्याकडे. घरातला दिसत नाही?”

“दिसतो ना. म्हणून तर म्हटलं, जा.” चैत्रालीचा आवाज चढला. “तो गुडघा तिथे टिकणार नाहीये, आई. फोर मॅचेस, मॅक्स. तो ऑक्टोबरमध्ये परत येईल आणि विषय संपेल. मी नको म्हटलं असतं तर जन्मभर मी नको म्हणणारी झाले असते. मला नाही व्हायचंय तसं.”

ती आईशी मराठीत बोलत होती. पण फोर मॅचेस, मॅक्स, हे काही मराठी नव्हतं.

“फोर?” बहमनने विचारलं.

चैत्रालीने डोळे मिटून घेतले.

“तू मला सांगितलं होतंस, नीट स्ट्रेंग्थनिंग केलं तर सीझन निघेल.”

“बहमन, आत्ता नको.”

“चार?” तो पुन्हा म्हणाला, आणि या वेळी मराठीत म्हणाला, म्हणून सगळ्यांनाच ते जास्त लागलं.

अरुणा खुर्ची ओढून बसली. पोरीने नवऱ्याला फसवायचं, नवऱ्याने मामाला फसवायचं, बापाने पोझिशन विचारायची. आणि चार वाजता आठ बायका येऊन ओटी भरणार. तिने डाव भाताच्या पातेल्यात टाकला आणि जिच्याशी बोलायचं ती सकाळपासून टाळत होती तिच्याकडे वळली.

“यांना माहीत आहे?” तिने बहमनला विचारलं. “तुझ्या आईला?”

त्याने आईच्या ताटाकडे पाहिलं.

“मग सांग त्यांना. आत्ता. सगळ्यांचं ऐकून झालंय, त्यांचंही ऐकू.”

सांगायची फारशी गरजही नव्हती. माहीनखानुमांनी अहवाज ऐकलं होतं, फरहाद ऐकलं होतं. त्यांनी मुलाला फारसीत एक छोटा प्रश्न विचारला. तो बोलू लागला. त्या मधे न बोलता ऐकत राहिल्या. मग त्यांनी बोटांना लागलेलं पुरण रुमालाला पुसलं आणि संथपणे, प्रत्येक वाक्यानंतर थांबून बोलायला लागल्या. दर वाक्यानंतर त्या हाताने खूण करत: सांग यांना.

बहमन सांगत गेला. दुसरं कोण सांगणार होतं?

“आई म्हणते, ती चौदा वर्षांच्या मुलाला बसमध्ये बसवायला गेली होती.” तो टेबलावरच्या मिठाच्या डबीकडे बघत होता. “म्हणते, तेव्हा रडली नाही. कारण घरात तिघे अजून होते आणि मला तिथे जेवायला मिळणार होतं.”

माहीनखानुम पुढे बोलल्या.

“म्हणते, मी शिबिरात होतो तेव्हा माझे वडील आजारी पडले. नवव्या दिवशी.” तो अरुणाकडे वळून आपल्याच शब्दांत म्हणाला, “हे तुम्हाला माहीत आहे, आई. हार्ट. मी घरी आलो तेव्हा त्यांना पुरून सहा दिवस झाले होते. आमच्या क्लबाच्या कोचने मला कळवलं नाही. घरून निरोप त्याच्याकडे गेला होता आणि त्याने तो दाबून ठेवला. यादीत त्याच्या क्लबाचं नाव यावं म्हणून.”

हे अरुणाने चैत्रालीकडून ऐकलं होतं. त्या कोचशी बहमन नंतर एक शब्द बोलला नव्हता. पाच वर्षं त्याच्याच हाताखाली खेळला, त्याने सांगितलं तिथे उभा राहिला, पण बोलला नाही. कॅनडाला निघताना तो म्हातारा विमानतळावर आला होता, तर याने हात पुढे केला नाही. २००७ मध्ये तो वारल्याची बातमी आली तेव्हा बहमन गॅरेजमध्ये विंटर टायर काढत होता. बातमी ऐकून त्याने चौथा टायरही काढला आणि मग आत आला.

माहीनखानुमांनी मुलाच्या मनगटावर हात ठेवला आणि एकच वाक्य बोलल्या. लहानसंच होतं.

बहमनने मिठाच्या डबीवरून नजर काढून आईकडे पाहिलं.

“काय म्हणाल्या?” राजनने विचारलं.

बहमनने आईला काहीतरी विचारलं. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि हाताने तीच खूण केली.

“म्हणते,” बहमन इंग्रजीत म्हणाला, “कोचने दाबलं नाही. मी दाबलं.”

पुढचं माहीनखानुम न थांबता बोलल्या आणि तो तुकड्यातुकड्यांनी त्यांच्या मागून येत राहिला. कोच स्वतः अहवाजहून गाडी काढून शिराजला आला होता. मुलाला बोलावून घेऊ म्हणाला. हिने नाही म्हटलं. नवऱ्याचीही तीच इच्छा होती की नव्हती, हे तिला आज नक्की सांगता येत नाही. तो दुसऱ्यांदा आला, नवरा गेल्यावर. तेव्हा हिने त्याला शपथ घातली. यादी लागेपर्यंत बोलायचं नाही. आणि नंतर मुलगा घरी येऊन कोचला शिव्या द्यायला लागला तेव्हा ही ऐकत राहिली, कारण मुलगा आईशी तरी बोलत होता.

“म्हणते…” बहमनने ताट पुढे सरकवलं. “बाप गेला तेव्हा मुलगा नव्हता. आता मूल ओळखायला लागेल तेव्हा बाप नसेल. एकदा माझ्या हातून झालं. दुसऱ्यांदा मी इथे बसून पुरणपोळी खात बघणार नाही.”

पुरणपोळी हा शब्द माहीनखानुमांनी स्वतः, फारसी वाक्यात, बरोबर उच्चारला होता. एरवी सगळे हसले असते.

बहमन उठला. खुर्ची नीट आत सरकवली आणि गॅरेजच्या दाराने बाहेर गेला.

चैत्राली उठायला लागली, पण सातव्या महिन्याचं पोट आणि साडी यांत तिला चटकन जमेना. “तू बस,” अरुणा म्हणाली. “तुझ्याशी मला नंतर बोलायचंय. अहो, यांना पाणी द्या. राजन, टेबल आवर.” मग तिने एका ताटात भात आणि दोन पोळ्या घेतल्या, कारण रिकाम्या हाताने जावयाच्या मागे कसं जायचं हे तिला ठाऊक नव्हतं.

तो गॅरेजच्या उघड्या शटरपाशी उलट्या बादलीवर बसला होता. समोर ड्राइव्हवेवर ऊन होतं. शेजारचा पोर्तुगीज म्हातारा गवताला पाणी घालत होता. अरुणाने ताट टूलबॉक्सवर ठेवलं आणि दुसरी बादली उलटी केली.

ती थांबली. थांबणं हा तिचा स्वभाव नव्हता, म्हणून तिला त्याचा त्रास होत होता.

“फरहादचा फोन आला,” तो शेवटी म्हणाला, “तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं माहीत आहे? की आता तो म्हातारा नाहीये. आता मी त्या मैदानावर जाऊ शकतो. खेळण्याचं नंतर आलं मनात.”

“हं.”

“अकरा वर्षं मी त्याला शिव्या दिल्या, आई. पाच वर्षं तो माणूस मला सकाळी जागा दाखवायचा, इथे उभा राहा, आणि मी त्याच्या तोंडाकडे बघायचो नाही. एकदाही म्हणाला नाही, की तुझ्या आईला विचार.”

“शपथ घातली होती ना.”

“शपथ.” तो हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. “आता तर जायलाच हवं. एक सीझन त्याच्यासाठी खेळायला हवं.”

आणि इथे अरुणाचा धीर संपला. सकाळपासून तिने बरंच गिळलं होतं, पण हे काही तिच्या घशाखाली उतरेना.

“बहमन, त्यांना बायको आहे?”

“कुणाला? कोचला? आहे. अहवाजलाच.”

“तिचा फोन नंबर?”

“फरहादकडे असेल.”

“मग तिला फोन कर. सांग, माझ्याकडून चूक झाली, मला आज कळलं. दहा मिनिटांचं काम आहे, आणि तू त्यासाठी दहा महिने मागतोयस.” तिचा आवाज शेजारी पोचेल इतका चढला होता, पोर्तुगीज म्हाताऱ्याने पाण्याची धार दुसरीकडे वळवली. “मला फुटबॉलमधलं कळत नाही. पण तुम्हा माणसांचं एवढं कळतं, की दोन वाक्यं बोलायची लाज वाटते म्हणून तुम्ही देश ओलांडता. माझ्या नवऱ्यानेही तेच केलं होतं, त्याची गोष्ट वेगळी. तू जा, नको जाऊ, मी सांगून तू ऐकणार नाहीस. पण गेलास तर खेळायला जातोयस म्हणून जा. मेलेल्या माणसाची माफी मागायला चार मॅच कशाला लागतात?”

चार हा आकडा तोंडातून गेल्यावर तिला चुकचुकल्यासारखं झालं. पण बहमन रागावला नाही. तो स्वतःच्या पायाकडे बघत राहिला.

“चारही नाही,” तो म्हणाला. “तीन. चैत्राली दयाळू आहे.”

मग त्याने ताट मांडीवर घेतलं आणि थंड झालेला भात खायला लागला. अरुणा तशीच बसून राहिली. तिला वाटलं होतं की आपण जिंकल्यावर बरं वाटेल, पण आपण जिंकलो की नाही हेच कळत नव्हतं. आणि हा मुलगा, ज्याच्यासाठी तीन वर्षांपूर्वी तिने उशी भिजवली होती, तिच्या गॅरेजमध्ये बादलीवर बसून बापासाठी रडायचं राहून गेलेलं आज रडत होता आणि रडता रडता जेवत होता. तिने पदराने त्याला वारा घातला, उकडत नसताना.

पुढचं सांगून टाकायचं तर, रविवारी सकाळी त्याने फरहादकडून नंबर घेऊन अहवाजला फोन केला. दहा मिनिटं नाही, पाऊण तास चालला. त्यातलं त्याने कुणाला काही सांगितलं नाही. दुसरा फोन फरहादला केला, तो लवकर आटपला. सोमवारी प्लांटमध्ये जाऊन रजेचा अर्ज मागे घेतला, आणि राजनने आठवडाभर त्याच्याशी न बोलण्याचं ठरवलं होतं ते बुधवारी मोडलं.

पण हे सगळं नंतरचं. शनिवारी चार वाजता मंडळाच्या बायका आल्या. चैत्रालीला फुलांचे दागिने चढवले, शेजारून मागून आणलेल्या डुलत्या खुर्चीत बसवलं. डोळे सुजलेले होते, पण डोहाळकरणीचे डोळे सुजतातच असं एक अनुभवी बाई म्हणाल्या आणि बाकीच्यांनी ते मानलं. गाणी झाली, ओटी भरली. दोन झाकलेल्या वाट्यांतली एक उचल म्हटल्यावर तिने उचलली, तर आत बर्फी निघाली. मुलगी, मुलगी, असा गलका झाला. शरदचंद्रांनी फोटो काढायच्या नादात स्वतःचा अंगठा तेवढा टिपला.

त्या गडबडीत अरुणा चहाचं आधण ठेवायला स्वयंपाकघरात वळली आणि दारातच थांबली.

माहीनखानुम ओट्याशी उभ्या राहून धुतलेली वाडगी पुसत होत्या. बहमन त्यांच्याकडे पाठ करून फ्रिजला टेकला होता. जेवणानंतर दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. अरुणा परत फिरणार इतक्यात त्याने, तसाच, न वळता, फारसीत काहीतरी विचारलं. त्यातला ‘पेदर’ तेवढा तिला कळला. वडील.

माहीनखानुमांनी फडकं खाली ठेवलं. मग त्या सांगायला लागल्या. दुपारच्यासारखं थांबून, तोलून नव्हे. हळू, एकसारखं, जणू नवव्या दिवसापासून पुढचा एकेक दिवस हातात घेऊन. बहमन वळला. त्याने स्टूल ओढलं आणि आईच्या समोर बसला. कोण काय म्हणतंय ते आता कुणी कुणाला सांगायचं नव्हतं.

बाहेर टाळ्या वाजत होत्या. मागून राजन आला, हातात रिकामा कप. “ताई, चहाचं काय झालं? बायका विचारताहेत.”

“आज चहा नाही,” अरुणा म्हणाली.

“नाही म्हणजे? एवढ्या बायकांना…”

“पन्हं दे. फ्रिजमध्ये…” मग फ्रिज कुठे आहे ते आठवून ती म्हणाली, “पाणी दे, राजन. पाण्याने कुणी मरत नाही.”

तिने हात पुढे करून स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली.